डोंगर चढणारं गटार

धाकट्याला ताईला एक वाक्य सांगायचं होतं. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून त्याने एक अख्खं राज्य तयार केलं.

म्हणजे खेळातलं राज्य. चारजण टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीत कुणीतरी होऊन हिंडतात आणि अडलं की फासे टाकतात. गोष्ट सांगणारा नेहमी धाकटाच. आईवडील गेल्यावर त्याला ताईनेच वाढवलं, आणि घर फारच गप्प झालं तेव्हा हा खेळही तिनेच आणला. आता ती आणि भावोजी समुद्रापलीकडे राहायला निघाले होते. संध्याकाळी गाडी येणार होती. म्हणजे दुपारचा हा खेळ शेवटचा.

बेत सोपा होता. ताई खेळात खलाशी. ती वेशीतून गावात शिरणार, बाजार ओलांडून दीपगृहावर चढणार, आणि तिथला म्हातारा दिवेवाला तिला म्हणणार, "पोरी, तू होतीस म्हणून मी बुडालो नाही. आता बिनघोर जा." एवढं म्हातारा बोलला की धाकटा सुटला.

पण धाकट्याची नोकरी मलनिस्सारण विभागात. दिवसभर गटारांचे नकाशे काढणारा माणूस राज्य काढायला बसला तर दुसरं काय होणार? राजाचं नाव ठरायच्या आधी सांडपाण्याची सोय झाली. बाजारातल्या कांदेवालीच्या सासूचा कुठला गुडघा दुखतो, तेसुद्धा पक्कं.

"थोडं रिकामं सोड की रे," ताई दरवेळी म्हणायची. "आम्ही भरू."

रिकामी जागा दिसली की धाकटा तिथे आणखी एक गटार काढायचा.

टेबल विकून झालं होतं, म्हणून मंडळी 'भांडी' लिहिलेल्या खोक्याभोवती बसली. ताई, खेळात चोर असलेले भावोजी आणि ताईची मैत्रीण. ही मैत्रीण दातांची डॉक्टर, पण खेळात योद्धी, तिथे लोकांचे दात फुकट पाडायची.

"चला, शिरलो वेशीतून," ताई म्हणाली. "आता थेट दीपगृह. गाडी यायच्या आत."

इथे नुसतं "बरं" म्हणून भागलं असतं.

"वेशीपाशी दगडी गटार आहे," धाकटा रंगात आला. "वर लोखंडी झाकणं. उतार उत्तरेकडे..."

"थांबा मेव्हणे." भावोजी प्लंबर. "नदी कुठे आहे?"

"दक्षिणेला."

"आणि उत्तरेला?"

"डोंगर."

भावोजींनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. "म्हणजे तुमच्या राज्यातलं सांडपाणी डोंगर चढतं."

डॉक्टर फिसकन हसली. धाकट्याचे कान लाल झाले.

"जादूचं गटार असेल हो," ताई घाईने म्हणाली. "हो ना रे? जादू आहे म्हण आणि पुढे चल."

"माझ्या राज्यात गटाराला जादू लागत नाही!" धाकटा म्हणाला, आणि त्याने पिशवीतून नकाशांची गुंडाळी काढली.

झालं. भावोजींच्या चोराने चोरी सोडली आणि तो गटारात उतरून उतार बघायला लागला. डॉक्टरची योद्धी तलवार उपसून ताटकळत उभी.

"मला कुणालातरी मारायचंय," डॉक्टर कुरकुरली.

"आधी त्या तलवारीने झाकण उचला," भावोजी म्हणाले.

तिने फासा टाकला. झाकण योद्धीच्याच पायावर पडलं आणि फासा सूटकेसखाली गेला. तो काढताना सूटकेस उघडली आणि भावोजींचे सगळे बनियन राज्यभर पसरले.

"अरे, माझी खलाशी अजून वेशीतच उभी आहे," ताई म्हणाली.

"एकच मिनिट ताई. एवढा उतार होऊ दे."

थोड्या वेळाने तिने विचारणंच सोडलं. उठून पडद्यांच्या घड्या घालायला लागली.

शेवटी उपाय सापडला. धाकट्याने खोडरबर घेतला, डोंगर दक्षिणेला नेला, नदी उत्तरेला आणली. नदीमागोमाग समुद्रही उत्तरेला गेला. गटार एकदम झकास वाहायला लागलं. भावोजींनी टाळी दिली.

"आणि हे काय?" डॉक्टरने बोट ठेवलं.

दीपगृह तेवढं जागच्या जागी राहिलं होतं. डोंगरात, झाडीत.

खाली हॉर्न वाजला.

भावोजी आणि डॉक्टर सामान घेऊन उतरले. ताई दारात चपला घालत होती.

"काय होतं रे दीपगृहात?"

"दगडी जिना," धाकटा म्हणाला. "कठडा लाकडी. वळणावर जरा सैल आहे."

"आणि वर?"

"वर काचा. तेलाचा वास. वातीची कात्री खुंटीला..."

"अरे, कुणी होतं का वर?"

"एक म्हातारा होता."

"मग? काय म्हणाला?"

वाक्य ओठांवर आलं. परत हॉर्न वाजला.

"त्याचा... गुडघा दुखतो. उजवा."

ताईने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग त्याचे केस विस्कटले. "शेकत जा म्हणावं त्याला," ती म्हणाली आणि भराभर जिना उतरली.

गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. धाकटा रिकाम्या खोलीत उभा राहिला आणि ते वाक्य मोठ्याने म्हणाला. कुठेही न अडखळता, अगदी नीट जमलं.