एकशे चारवर अडकलेला पारा

मी एक जुना थर्मामीटर आहे. माझ्यावरचे आकडे आता पुसट झाले आहेत, पण एकशे चारचा आकडा मला अजून टोचतो.

मित्रांनो, पंचाहत्तर साली अनसिंगजवळच्या एका खेड्यात मी एकटाच थर्मामीटर होतो. किराणा दुकानदार फूलचंदशेठ मागेल त्याला मला देत. परत आलो की स्वतः धुऊन पुसून ठेवत. माझे कौतुक फार, पण पारा झटकून खाली आणावा लागतो, हे कुणालाच ठाऊक नव्हते. विचारणार कोण? सगळेच शहाणे.

त्या भादव्यात गावातल्या भिवाजीला एकशे चार ताप भरला. तो आठ दिवसांत बरा होऊन शेतात गेला, माझा पारा मात्र एकशे चारवरच अडकला.

मग एका सकाळी केशरबाईंनी मला नेले. त्यांचा मुलगा देवमन मॅट्रिक झालेला. त्याला अकोल्याला नोकरीच्या मुलाखतीला जायचे होते. आंघोळीनंतर त्याला दोन शिंका आल्या, एवढेच. भिवाजीच्या तापाने धसका घेतलेल्या त्या माउलीने मला त्याच्या जिभेखाली ठेवले. मी घाबरलो. पारा काही आपण होऊन उतरत नाही.

शेजारच्या बबनराव मास्तरांनी चष्मा लावून वाचले, "एकशे चार."

"मले काहीच होऊन नाही राह्यलं, माय," देवमन म्हणाला.

केशरबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला. "थंड लागते, मास्तर."

मास्तरांनीही हात लावून पाहिला. जरा घुटमळले. पण चारचौघांत ‘माहीत नाही’ कसे म्हणायचे?

"आतला ताप असन. हाताले नाही समजत."

बाईंनी त्याची पिशवी काढून घेतली. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. देवमन दारापर्यंत गेला आणि आईचा चेहरा पाहून परत फिरला. माझा जीव नुसता खालीवर होत होता. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या. त्यांनी मला झटकून देवमनला लावले. "अठ्ठ्याण्णव. झटकला नव्हता काय कोणी?"

"मी तर दरवेळी धूत होतो," शेठ हळूच म्हणाले. मास्तर चष्मा पुसत राहिले.

"माह्या हाताले खरं समजलं होतं," केशरबाई म्हणाल्या. "मीनं काचेचं ऐकलं."

नोकरी दुसऱ्याला मिळाली. पुढे मला कुणीही नेले की देवमन मागोमाग यायचा आणि विचारायचा, "झटकला काय?"

मित्रांनो, मला नुसते धुऊन पुसून जपू नका. मला कसे वापरायचे, तेही विचारा. त्या सकाळी मास्तर "मले नाही समजत" एवढेच म्हणाले असते, तर देवमन गाडीत बसला असता.