मास्क कोण काढतं

सिग्नलला बस उभी असताना ड्रायव्हरसाहेबांचा डोळा लागला आणि मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून त्यांना उठवलं. त्या दिवसापासून डेपोने त्यांची रवानगी हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत केली होती. वीस वर्षं बस हाकलेला माणूस बेवारस छत्र्यांना चिठ्ठ्या बांधत बसला होता. डॉक्टरबाईंनी लिहून दिलं, तरच स्टिअरिंग परत मिळणार होतं.

निदान झालं होतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद व्हायची, मेंदू दचकून जागा व्हायचा आणि घर्रकन वाट उघडायची. तासाला चाळीस वेळा. साहेबांना मात्र वाटायचं, आपण मेल्यासारखे झोपतो.

"झोपत नाही, रात्रभर थांबे घेता," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. वजन उतरवा, कुशीवर झोपा आणि हे यंत्र लावा. यंत्राची हवा नाकावरच्या मास्कमधून आत जाऊन ती वाट उघडी ठेवायची.

महिन्याने त्यांनी यंत्राचा आलेख समोर ठेवला. "मास्क रोज तीनदा निघतोय. दीड, तीन, साडेचार. तुम्ही काढता?"

"हात लावत नाही."

"मग एवढं नेमकं कसं?"

"मलाही नवल वाटतंय. आमच्या बसला असं वेळापत्रक कधी जमलं नाही."

शेजारी बसलेली बायको पर्सची चेन उघडत-लावत होती. "मी काढते," ती म्हणाली. "गजर लावून."

"तू?"

"मग काय करू? वीस वर्षं करवत चालवलीत. आवाज थांबला की मला जाग यायची, कोपर मारलं की पुन्हा सुरू. आता सुरूच होत नाही. मास्क उचलून नाकाशी बोट धरते. म्हटलं, माणूस आहे की गेला, बघावं."

"एकदा बघितलंस ना? तीनदा कशाला?"

"दीडला होतात, म्हणून तीनला असालच कशावरून?"

डॉक्टरबाईंनी हसू गिळलं. साहेबांना खुर्चीतच मास्क लावून त्यांनी पुढची बारीक भोकं दाखवली. "श्वास इथून बाहेर पडतो. फक्त तळहात धरा, मास्क उचलू नका."

बायकोने भोकांसमोर तळहात धरला. साहेब तेवढ्यात पेंगले.

"आहेत," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात आलेखात एकही खंड नव्हता, दिवसाची पेंगही गेली होती. चिठ्ठी मिळाली, स्टिअरिंग मिळालं.

पहिल्या ड्युटीच्या पहाटे साहेबांना गजराआधीच जाग आली. बायकोचा तळहात मास्कसमोर तसाच होता आणि ती चक्क घोरत होती. मध्येच आवाज थांबला. साहेब बूट हातात घेऊन उभे राहिले. घर्र झालं. ते दाराशी गेले, पुन्हा थांबला. ते परत आले आणि त्यांनी हळूच कोपर मारलं.

पहिली बस चार मिनिटं उशिरा सुटली. डेपोने कारण विचारलं, तेव्हा साहेबांनी 'घरगुती' एवढंच लिहिलं.