म्हसोबाने कवच सोडलं

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. हसू नका, साधासुधा नाही, वीरगळ आहे मी! लढताना मेलेल्या एका माणसाची आठवण म्हणून पाथरवटाने मला घडवलं आणि कड्याजवळच्या एका वाडीच्या शिवारात उभं केलं. लोक यायचे, माझ्यावरची चित्रं खालून वर बघत जायचे आणि डोळे पुसायचे. तेव्हा माझी ऐट काय वर्णावी!

पुढे ते लोक गेले, त्या माणसाचं नावही गेलं. मग मेंढपाळ आले. त्यांनी मला म्हसोबा ठरवलं आणि दर अमावस्येला तेलशेंदूर लावू लागले. नारळ मिळाले, नवस मिळाले. पण थरावर थर चढून माझं कोरीवकाम पार झाकलं. देव होऊनही मी मनातून खट्टूच होतो.

यंदा त्याच मेंढपाळांतल्या बंकट आबांची नात धनश्री बारावीला गेली. तिने इतिहास घेतलाय. सरांनी प्रकल्प दिला, आपल्या गावाचा इतिहास शोधून आणा. कुणाला गढी सापडली, कुणाला बारव. धनश्री रविवारी आबांसोबत मेंढरं घेऊन आली आणि मला टेकून बसली.

"आबा, समद्यांच्या गावाला इतिहास हाय. आपल्याच वाडीला कावून न्हाई?"

"आपुन मेंढरामागं फिरणारी माणसं," आबा म्हणाले. "आपला कसला आलाय इतिहास?"

पोरीचा चेहरा उतरला. मला ओरडावंसं वाटलं, पण दगडाला कुठलं तोंड!

तेवढ्यात कळपातल्या दांडगट एडक्याने पाठ खाजवायला मलाच निवडलं. घासघास घासून वर एक धडकही दिली, आणि शेंदराचा जाड थर निखळून पडला. आबांनी हात जोडले. कवच असं आपसूक गळणं आमच्याकडे शुभ मानतात.

"देवानं कवच सोडलं! बाय, पळ, दूध आण. न्हाऊ घालू, अन् मग नवा शेंदूर लावू."

दुधापाण्याने मी न्हालो. किती पिढ्यांनी अंगाला वारा लागला! धनश्री पुसायला वाकली आणि किंचाळलीच, "आबा, ह्यो तर वीरगळ हाय! सरांनी चित्र दावलं व्हतं."

आबा मात्र शेंदराची वाटी घेऊन पुढे सरसावले. माझा जीव टांगणीला लागला. तिने त्यांचा हात धरला.

"आदी बघा तरी. खाली ह्या गाई. ह्यो ढाल-तलवार घेऊन उभा. गाई पळवाया आलेल्यांशी लढून मेला. वर अप्सरा त्याला सर्गात नेत्यात, अन् माथ्यावर त्यो पिंडीपुढं बसलाय."

आबा उकिडवे बसले. गाईंवरून बोट फिरवत राहिले.

"म्हंजी जनावरांसाठी जीव दिला?"

"व्हय आबा."

"मग आपलाच माणूस की! त्याचं तोंड कावून झाकायचं?" आबा हसले आणि वाटीतल्या शेंदराचं फक्त एक बोट माझ्या पायाशी टेकवलं. एडक्यालाही टिळा लागला.

आठवड्याभराने सर अख्खा वर्ग घेऊन आले. धनश्री बोलू लागली, पण आबांनाच धीर निघेना. "थांब बे," मागे कुजबुजणाऱ्या एका पोराला ते दटावून म्हणाले, "आमच्या वाडीचा इतिहास सांगतुया!" आनंदाने मी फुटलो नाही, हेच नवल.

मित्रांनो, तुमच्याही पारावर, बांधावर असा एखादा दगड असेल. त्याच्या पाया जरूर पडा. पण रंग थापण्याआधी जरा वाकून बघा. तिथे तुमच्याच घरचं कुणीतरी उभं असेल.