मी दिलेली हिरवी साक्ष

होय, ती विषारी अळंबी मीच. आधीच सांगून टाकते, कारण माझ्यावर पहिला आरोप होतो तो लपवाछपवीचा.

तुम्ही आम्हाला कुत्र्याची छत्री म्हणता. आजवर एकही कुत्रा माझ्या आडोशाला उभा राहिलेला नाही. येतो, हुंगतो, तंगडी वर करतो आणि चालता होतो.

मातीखालच्या पांढऱ्या तंतूंच्या जाळ्यातून मी जन्मले. ते जाळं महिनोन्‌महिने कुजकी पानं पचवत होतं. पाऊस ओसरला आणि जंगलाच्या कडेला, गवतात मी टोपी उघडून ताठ उभी राहिले. ‘एका रात्रीत फुकट उगवली’ म्हणणाऱ्यांना ते महिने दिसत नाहीत.

सकाळी टोपली घेऊन एक आत्या आली. सोबत तिची पोटुशी भाची.

“हीच ती खायची!” आत्या माझ्यापुढे उकिडवी बसली.

“आत्या, हुबेहूब अशीच एक विषारी पण असते म्हणे.”

“म्हणे! अगं, हिला गोगलगाईने कुरतडलंय. विषारी असती तर मेली नसती का ती?”

“घरी जाऊन मेली असेल. तुला कळवणार होती का?”

आत्याने मला बुडापासून उपटलं.

घरी कांदा चिरून झाला, कढई चढली. भाचीने गॅस बंद केला. “हिला कागदावर पालथी ठेवू. तुझ्या खायच्या अळंबीच्या टोपीखालून झडणारी पूड पांढरी पडते. त्या विषारीची हिरवट.”

“मला शिकवतेस? लहानपणापासून माझ्या हातचं खातेस तू!”

“खाईन की. पण आता खाणारे आम्ही दोघं आहोत.”

आत्याने स्वतःच माझा देठ कापला, मला कागदावर पालथी घातली, वर वाडगा झाकला आणि तोंड फुगवून बसली.

संध्याकाळी वाडगा उचलला. कागदावर हिरवा ठसा.

“लबाड मेली!” आत्या माझ्यावर ओरडली.

मी लबाड? मला विचारलं तेव्हा मी कागदावर स्पष्ट उत्तर दिलं. गोगलगाईला साक्षीदार कुणी केलं होतं? मी?

आत्याने माझ्यासकट अख्खी टोपली परसात उपडी केली. “कुणाला सांगू नकोस हं.”

“सगळ्यांना सांगणार,” भाची म्हणाली.

आता मी परसातल्या ढिगाऱ्यावर काळी पडत चाललेय. माफी मागणार नाही. माझ्या काही बहिणी पांढरा ठसा देऊनही जीव घेतात, तेव्हा नुसत्या कागदावर विसंबू नका. पक्की ओळख पटेना, तर हात आवरा. जंगल तुमचं ताट वाढायला बसलेलं नाही. आम्ही आमच्यासाठी उगवतो, आणि उगवणारच.