उकाळा निवेपर्यंत

चातुर्मासात सुचेतानं चहा सोडला होता आणि सकाळचं बोलणंही. उठल्यापासून पूजा होईपर्यंत मौन. मग देवाला उकाळ्याचा नैवेद्य दाखवायचा, पहिला घोट घ्यायचा आणि मगच तोंड उघडायचं. कार्तिकी एकादशीपर्यंतचा नेम.

उकाळा करायची तिची धाकटी बहीण माधवी. परसातला गवती चहा, ठेचलेलं आलं, चार धने, गूळ. आणि गुळानं फाटू नये म्हणून दूध भांडं खाली उतरवल्यावर. मग दोघी पेले घेऊन मागच्या पायरीवर बसायच्या. सत्त्याऐंशी सालचा आश्विन होता. पाऊस सरला होता, ऊन अजून कोवळं होतं, वाळत घालायच्या तारेवर चतुर येऊन बसत. त्यातून शुक्रवार असला की भिवंडीतले कापडाचे खडखडणारे लूम बंद. मग शेजारच्या अंगणात कोणी फडकं झटकलं तरी ऐकू यायचं.

"ताई, बोलत नाहीस ना, तेव्हा फार शहाणी दिसतेस बघ," माधवी म्हणायची. "चार महिनेच कशाला, कायमचंच घे की."

सुचेता तिच्या गुडघ्यावर चापट मारायची. आईवडील गेल्यावर बिनलग्नाची माधवी इथे राहायला आली, त्याला नऊ वर्षं झाली होती. साऱ्या दिवसात सुचेताचं स्वतःचं असं काही असेल, तर ती ही पायरी.

त्या शुक्रवारी सुचेता देवापुढचा पेला उचलून नुकती येऊन बसली होती, तोच कल्याणहून मोठे दीर श्रीनाथ आले. थेट मागल्या दारीच आले. पाठोपाठ पंचानं तोंड पुसत प्रभाकर, सुचेताचा नवरा.

"माझ्या सासऱ्यांचं एक अंग लुळं पडलंय," श्रीनाथ म्हणाले. "वज्रेश्वरीला एकटेच. कामाला बाई टिकत नाही. म्हटलं, माधवी आहे की. घरचं माणूस. देवीच्या पायाशी राहील, तिलाही पुण्य."

"दिवसरात्र तिथंच?" माधवीनं विचारलं.

"मग काय पाहुणी म्हणून जाणारेस?" श्रीनाथ हसले. "इथं तरी तुला कुठं ड्युटीवर जायचंय?"

प्रभाकर चुळबुळला. थोरल्या भावापुढे त्याची जीभ कधी उचलायचीच नाही. "दादा, हिची बहीण आहे. हिलाच विचारा."

सगळे सुचेताकडे बघू लागले. माधवीही. एक घोट घेतला की तोंड मोकळं होणार होतं, आणि 'नाही' एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग दीर दुखावणार. नवरा संध्याकाळपर्यंत घुम्यासारखा बसणार. आणि कधीतरी कोणीतरी बोलून दाखवणार, की बहिणीला आणून ठेवलीय ती ठेवलीच.

उकाळा फार कढत होता. ती फुंकर घालत राहिली.

"मौन का सुचेताचं? राहू दे, नेम मोडू नये," श्रीनाथ म्हणाले. "मान काही हलवली नाही, म्हणजे हिची ना नाही. सोमवारी न्यायला येतो."

"येईन मी," माधवी म्हणाली. पेला भरलेला तसाच ठेवून ती आत गेली.

दीर गेल्यावर सुचेतानं घोट घेतला आणि धावत आत गेली. "माधे, मी बोलणारच होते गं. नेम आड आला."

माधवी ट्रंकेत पातळं भरत होती. "मंगळवारी दूध उतू चाललं तेव्हा ओरडलीस की, ताई. मग एकशे आठ जप जास्तीचा केलास. देवानं चालवून घेतलं."



सोमवारी दुपारी ती एसटी स्टँडवर पोचवायला गेली. मौन सकाळीच सुटलं होतं. श्रीनाथ चार पावलांवर उभे होते, म्हणून ती अगदी हळू म्हणाली, "नको जाऊस, माधे."

माधवीनं वळून पाहिलं. "मोठ्यानं म्हण."

सुचेतानं दिरांकडे पाहिलं. ते घड्याळ बघत होते. वज्रेश्वरीची गाडी लागली. माधवीनं थोडा वेळ वाट पाहिली, मग ट्रंक उचलून ती वर चढली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसली.