धरून ठेवलेली दुपार

पुस्तकातलं चित्र दाखवून दिवस-रात्र शिकवणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. एक गोळा, अर्ध्या भागात काळी शाई, खाली रिकाम्या जागा भरा. पोरं पाठ करतात, मार्क मिळवतात आणि घरी जाऊन सूर्य डोंगरामागे झोपायला गेला म्हणतात. आमच्या गल्लीतून डोंगर दिसतो कुठे? म्हणून यंदा पाचवीच्या वर्गाला सांगितलं, पृथ्वी आपणच करायची. घरातलं जे फिरतं ते आणा.

कुणी भिंगरी आणली, कुणी सायकलचं चाक. एका दिवट्याने मिक्सरचं भांडं आणलं, ते मी तसंच परत पाठवलं. काजल मात्र कांडी भरायचा चरखा घेऊन आली. शाळा नागपूरच्या तांडापेठेत. इथे एकेकाळी घरोघरी माग खटखटायचे, आता माग गेले आणि चरखे माळ्यावर पडून आहेत. काजलचा बाप ताराचंद गांधीबागेच्या बाजारात कापडाचे गठ्ठे उचलतो. आई चंद्रकला शेजारच्या एका उरल्यासुरल्या मागासाठी अजून सुताच्या कांड्या भरून द्यायची. त्या आठवड्यात ती तापाने दवाखान्यात होती. इथं बसून काय करशील, असं म्हणून बापाने पोरीला शाळेत पाठवलं होतं.

आम्ही विटा लावून चरखा तिरपा उभा केला. सूत गुंडाळायची कांडी जिच्यावर बसते त्या चातीवर थर्माकोलचा गोळा खोचला. खिडक्यांवर जुन्या साड्या टांगल्या, टेबलावर बल्ब लावला. गोळ्यावर नागपूर दाखवायचं होतं, तर काजलने स्वतःच्या कपाळाची टिकली काढून चिकटवली. चाक हलकेच फिरवलं की टिकली उजेडात यायची, पुन्हा अंधारात जायची. पोरं ओरडायची, "झाली सकाळ! झाली रात्र!" मी स्वतःवर भलतीच खूश होते.

शेवटचा तास संपता संपता काजलने अंगठा टेकवून गोळा थांबवला. टिकली उजेडात, जरा कडेला, तिसऱ्या प्रहरी असते तशी. घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, तरी पोरगी हलेना.

"काजल, सोड आता. घरी नाही जायचं?"

"नाई मॅडम. सोडलं तं रात्र होते."

"होऊ दे की. रोज होते."

"डॉक्टर बाबाले म्हणे, आजची रात्र निघाली तं बाई वाचली." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्हून मी रात्र येऊच देऊन नाई राहिली."

मला एकदम भरून आलं आणि म्हणूनच राग आला. माझं असंच होतं. "अगं वेडे, हा थर्माकोल आहे!"

"आई कांडी भरते ना, तं धागा तुटाले आला का पयले चाक थांबवते. मंग गाठ मारते. चाक चालू राहिलं तं गाठ कशी मारता येते?"

मी पडले विज्ञानाची बाई. हात दुखला की सोडेल, असं म्हणून मी ऑफिसात जाऊन पेपर तपासत बसले. बऱ्याच वेळाने आमच्या शिपाई प्रयागबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात कुलपं, तोंड उतरलेलं.

"मॅडम, आज दिवस काहून ढळून नाई राहिला?"

मी बाहेर आले. भिंतीवरच्या घड्याळात दिवेलागण कधीच उलटून गेली होती. ऊन मात्र पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर, घंटेच्या वेळी होतं तिथेच. झेंड्याच्या खांबाची सावली पायरीवरून तसूभर हलली नव्हती. कडुलिंबावर झोपायला आलेले कावळे दाटीने बसले होते आणि एकही ओरडत नव्हता. गल्लीतल्या बाया दारात येऊन वर बघत होत्या. एकीच्या हातात तेलवात केलेला दिवा होता, तो लावायचा की नाही हे तिला समजत नव्हतं.

मी ताराचंदला फोन लावला.

"तशीच हाय मॅडम," तो कुजबुजला. "डोये उघडे हायेत, पापणी लवत नाई. सलाईनचा थेंब नळीत लटकून हाय, पडूनच नाई राहिला. सिस्टरनं नळी बदलली, तरी तसाच. बाजूच्या खाटेवरच्या बाईचं चालू हाय. आमचंच थांबलं."

मी धावत वर्गात गेले. काजल तिथेच होती. अंगठ्याचं नख पांढरंफटक पडलं होतं.

"काजल, आईचं औषध थांबलंय. रात्र अडवलीस, त्याबरोबर तिलाही धरून ठेवलंस तू."

तिने अंगठा आणखी दाबला. "मी सोडलं आन् आई मेली तं?"

काही होणार नाही, असं म्हणणं सोपं होतं. मी वर्गात कधी 'माहीत नाही' म्हणत नाही. त्या वेळी मात्र म्हणाले, "माहीत नाही."

"मंग मी नाई सोडत."

एवढीशी पोर. केव्हातरी तो गोळा सुटणारच होता, आणि ज्याच्या हातून सुटेल त्याला ते जन्मभर पुरणार होतं. मी तिच्या अंगठ्याला लागून माझा अंगठा टेकवला.

"तू नको सोडू. मी धरते. तू आईकडे जा."

"पक्कं धरसान?"

"पक्कं."

तिने हळूच हात काढला. त्याच क्षणी गोळा माझ्या अंगठ्याला रेटू लागला, बांधलेलं वासरू दाव्याला ओढतं तसा. थर्माकोल अंगासारखा गरम होता. "चाल वं माय," म्हणत प्रयागबाईंनी तिला जवळ घेतलं आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

मी एकटी उरले. साड्यांच्या फटींतून तेच शिळं ऊन आत येत होतं. पोरीला शब्द दिला होता, आणि तो मोडण्यासाठीच मी तिथे उभी होते. मला स्वतःची भीती वाटली. फोन वाजला.

"पोचली पोरगी," ताराचंद म्हणाला. "मायचा हात धरून बसली हाय."

मी अंगठा उचलला.

चाती सावकाश फिरली. टिकली काळोखात गेली आणि फटींतलं ऊन कुणी फुंकर मारल्यासारखं विझलं. बाहेर सगळे कावळे एकदम ओरडले. फोनमध्ये ताराचंद रडत होता. "पडला, मॅडम, थेंब पडला! पापणी लवली! पोरीले हाक मारून राहिली!"

चंद्रकला उजाडायच्या आत गेली.

तेरवी आटोपल्यावर काजल शाळेत आली. वेण्या बापाने घातलेल्या, भांग वाकडा. प्रार्थना झाल्यावर जागेवर न बसता ती थेट माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, तुमीच सोडलं ना?"

आपल्या अंगठ्याने पृथ्वी थांबत नाही, ताप जिवावरचा होता, हे सगळं मला सांगता आलं असतं. पण ते तिला पटलं नसतं, आणि पुढचा प्रश्न तिने स्वतःला विचारला असता, मी हात काहून काढला?

"हो," मी म्हणाले. "मीच सोडलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत माया नव्हती, आणि ती मला पुन्हा कधी मिळाली नाही.

"माह्या हातून नाई सुटलं," ती हळू आवाजात म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली.