कोऱ्या कॉम्प्युटरवर

आमच्या चौघांच्याही कॉम्प्युटरवर बिल्ड होत होतं. परीक्षकाच्या कॉम्प्युटरवर होत नव्हतं.

मल्याळम मजकुराची ब्रेल पानं करून देणारं हे सॉफ्टवेअर आम्ही कोळिक्कोडमध्ये अकरा वर्षं सांभाळतो आहोत. फुकट, सोर्स कोडसकट, कुणीही घ्यावं असं. त्या कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करणं म्हणजे बिल्ड. जूनमध्ये अंधशाळांना नवे कॉम्प्युटर मिळणार होते. त्यांत जी सॉफ्टवेअर असणार होती, त्यांची यादी शनिवारी संध्याकाळी पाचला बंद होत होती. आमचं राहिलं असतं, तर इथल्या अंधशाळेतल्या रम्लत टीचरच्या विद्यार्थिनींना आणखी दोन वर्षं प्रश्नपत्रिका दुसऱ्याकडून वाचून घ्याव्या लागल्या असत्या.

यादीसाठी सॉफ्टवेअर तपासणाऱ्या परीक्षकाचं उत्तर मंगळवारी आलं. "कोऱ्या कॉम्प्युटरवर बिल्ड होत नाही. 'अळवुकोल' नावाचं साधन लागतं, ते तुम्ही नोंदवलेलं नाही."

अळवुकोल म्हणजे मल्याळममध्ये मोजपट्टी. बिल्डला काय काय लागतं, ती नोंद माझी होती. मी टॉमिच्चनना फोन केला. हे सॉफ्टवेअर त्यांनी सुरू केलं. वीज मंडळातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेत.

"अळवुकोल? ते असतंच की कॉम्प्युटरमध्ये, मोळे." मला ते मोळे, म्हणजे मुली, असंच म्हणतात.

"कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये?"

ते हळूच म्हणाले, "सुरुवातीच्या शिबिरात मी सगळ्यांना एकाच डिस्कवरून भरून दिलं होतं. तुलाही नंतर तिच्यावरूनच."

कॉम्प्युटर बदलले, पण प्रत्येकाने जुन्यातलं सगळं नव्यात उचलून ठेवलं होतं. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. एकाच थर्मामीटरने चौघांनी तापमान घेतलं तर ती चार मोजमापं होत नाहीत, हे दर वर्षी मुलांना सांगते.

डिस्कवर अळवुकोल नुसतं तयार रूपात होतं, सोर्स नव्हता. सोर्स नसलेलं काही परीक्षक घेत नाही, आणि ते बरोबरच आहे.

"वडकरेच्या नौफलने लिहिलं होतं," टॉमिच्चन म्हणाले. "आता बेकरी चालवतो म्हणे. तूच जा. माझ्यावर रागावलाय तो."

"का?"

"जा तर खरी."

गुरुवारी वडकरेला गेले. नौफल काउंटरमागे केकवर साखरेचा पाक ओतत होता.

"टॉमिच्चनना अकरा वर्षांनी आठवण झाली?"

"आठवण नाही झाली. आमचं अडलंय, म्हणून आले."

तो हसला. "निदान खरं बोलणारं माणूस पाठवलंय. बसा, चेची. उन्नक्काय खाणार? केळ्याचं, गोड."

"आधी सोर्स."

"लॅपटॉप पुरात गेला." माझा चेहरा पाहून त्याने भांडं खाली ठेवलं. "अहो, पण त्यात होतं काय? कागदाचं माप घ्यायचं, ओळीच्या उंचीने भागायचं, कुठल्या कागदावर किती ओळी बसतात त्याचा तक्ता करायचा. चाळीस ओळींचं काम ते."

केकच्या खोक्याचं झाकण उलटं करून मी लिहून घेऊ लागले. मधे गिऱ्हाईक आलं की तो थांबायचा, आणि परत येऊन नेमका तिथूनच सुरू करायचा.

"आणि भागायच्या आधी खालचा समास वजा करायचा. तो मी तेव्हा विसरलो होतो. लक्षात आल्यावर टॉमिच्चनना दोनदा मेल केली. उत्तर नाही. मग म्हटलं मरू दे, केक आवडला तर माणूस परत येऊन सांगतो तरी."

माझं पेन थांबलं. काही कागदांवर पानाची शेवटची ओळ उमटत नाही, असं रम्लत टीचर कितीतरी वर्षं सांगत होत्या. आम्ही चार वेळा तपासून प्रिंटरला दोष दिला होता. त्यांनी तो दोनदा दुरुस्त करून आणला होता.

शुक्रवारी मी प्रयोगशाळेतला एक कॉम्प्युटर पुसून कोरा केला, झाकणावरच्या टिपणावरून अळवुकोल नव्याने लिहून आमच्या सोर्समध्ये घातलं आणि त्यावर बिल्ड केलं. झालं. मग जुना आणि नवा, दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहिले. तीन मापांना एकेक ओळ कमी आली होती. बाकीच्यांत भागाकार करून उरलेल्या जागेत समास मावत होता, म्हणून चूक दिसली नव्हती.

छापलेलं पान घेऊन शाळेत गेले. रम्लत टीचरची बोटं तळापर्यंत उतरली, थांबली, मागे येऊन पुन्हा तळाला गेली.

"वाक्य पुरं झालं," त्या म्हणाल्या. "प्रिंटर बिचारा! उगाच शिव्या खाल्ल्या त्याने."

"चूक आमची होती, टीचर."

"ते मी तेव्हाच सांगत होते. जूनमध्ये येतंय ना?"

शनिवारी सकाळी अकराला पाठवलं, नोंदीत अळवुकोलपुढे नौफलचं नाव लिहून. पावणेचारला उत्तर आलं: "कोऱ्या कॉम्प्युटरवर बिल्ड झालं. घेतलं."

सोमवारी नौफलचा फोन आला. "चेची, काल टॉमिच्चन आले होते. माझी जुनी मेल छापून घेऊन. म्हणाले, उत्तर द्यायला आलोय."

"मग?"

"मग काय, अर्धा किलो हलवा खाल्ला आणि पुढच्या आवृत्तीचं बोलत बसले." मग तो म्हणाला, "दुकानात एक कॉम्प्युटर आहे. त्यावर तुमच्या डिस्कचं काहीच नाही. पुढच्या वेळी पाठवायच्या आधी माझ्याकडे बिल्ड करून बघत जा."